त्याच्या वतीने

वरचा डावा सुळा. मेणाच्या हिरडीत अर्धा रुतलेला, अर्धा बाहेर, आणि किंचित आत वळलेला. असा वळवला नाही तर माणूस दुसऱ्या कुणाचं तरी हसू उसनं आणल्यासारखा दिसतो. तिने तापलेल्या सुरीचं टोक सुळ्याच्या मुळाशी नेलं, मेण घामेजल्यासारखं चकाकलं, आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन गुरगुरला. गुरगुरताना तो प्लॅस्टरच्या भुकटीत जरासा सरकला आणि मागे एक अर्धवट गोल काढून गप्प झाला.

मित्रा, ही तुझी तलफेची वेळ. आत्ता कसं वाटतंय?

पडद्यावर प्रश्नाखाली पाच चेहरे. पहिला रडवेला, शेवटचा बत्तिशी दाखवणारा. ती बत्तिशी तिला पहिल्या दिवसापासून खटकायची — सगळे दात एका लांबीचे, मधली रेघ एका बाजूला सरकलेली. असली कवळी तिने करून दिली असती तर मालकांनी ती तिच्याच ट्रेमध्ये परत आपटली असती. पण प्रश्न बत्तिशीचा नव्हता. प्रश्न असा होता की आत्ता, या क्षणी, तिच्या नवऱ्याला कसं वाटत असेल.

तो लिफ्ट कंपनीच्या गोदामात असणार, सुट्या भागांच्या खिडकीशी. पाय धरायला लागल्यापासून कंपनीने त्याला जिन्यांवरून उतरवून खुर्चीवर बसवलं होतं. सकाळची गर्दी ओसरली असणार, मेकॅनिक आपापलं सामान घेऊन गेले असणार, खिडकीपुढे कुणी नाही, हाताला काम नाही... कंटाळा. कंटाळा म्हणजे दुसरा चेहरा की तिसरा? तिने दुसरा दाबला. तलफ किती? थोडी. ओढलीस का? नाही. शाब्बास मित्रा! आता एक ग्लास पाणी पी.

तिने शेजारची बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा पाणी प्यायली. झाकण लावताना तिच्या लक्षात आलं की पाणी त्याने प्यायचं होतं.

मागच्या टेबलावरून मालक बघत होते. त्यांना सगळे पाठीमागे अक्कलदाढ म्हणत — उशिरा उगवतात, आडवे येतात आणि काढायची सोय नाही.

"औषधाची वेळ का?"

"ह्यांची," ती म्हणाली.

"आणि घेता तुम्ही? आमच्याकडे उलटं. गोळ्या मी खातो आणि तोंड कडू हिचं होतं."

ती हसली. मालकांच्या विनोदाला हसणं हे तिच्या कामातच धरलेलं होतं.

सुरुवात किती साधी होती... रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या पोटरीवरून एक यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, रक्ताची वाट बुजत चाललीय, आम्ही नवी जोडून देऊ, पण आधी सिगारेट बंद. कमी नाही, बंद. नाहीतर जोडलेलं टिकत नाही, जखम भरत नाही, आणि मग पाय वाचवायची नव्हे, कुठून कापायचा याची चर्चा करावी लागते. तो सगळं ऐकून "बरं" म्हणाला. बाहेर गोल चष्म्याच्या सिस्टर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, फोन द्या, आपल्या इस्पितळाचं ॲप टाकून देते. ते दिवसातून काही वेळा विचारेल, तुम्ही खरं खरं भरायचं, इकडे मला आलेख दिसतो. त्याने खिशातून बटणांचा फोन काढला. ग्रीसच्या बोटांना पडदा ओळखत नाही, हे त्याचं वर्षानुवर्षांचं कारण. सिस्टरनी त्या फोनकडे एखादी पणजी बघावी तसं आदराने पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमचा द्या."

आणि तिने दिला. यात गैर काय होतं? विम्याचे अर्ज, बँकेचे कागद, त्याच्या बहिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, लग्न झाल्यापासून त्याच्या वतीने सगळं तीच तर भरत आली होती. त्याची सही तेवढी असायची. आणि घाई असली की तीही नसायची.

पहिले काही दिवस ती रोज विचारत होती. "अहो, ते विचारतायत, आज किती?" आणि तो बूट काढता काढता सांगायचा, "सांग त्यांना, चार." मग तीन. मग एकदा दोन, आणि हे सांगताना त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं. मग एका संध्याकाळी वैतागून — की थकून? त्याच्या वैतागाची आणि थकव्याची शेड एकच आहे, उजेडात नेऊन बघितल्याशिवाय फरक कळत नाही — तो म्हणाला, "तुला वासावरून कळतंच की. तूच भर."

तिने भरलं. त्या दिवशी शर्टाला वास नव्हता. निदान तिला आला नाही. तिला थोडी सर्दीही होती. तिने शून्य दाबलं, आणि पडद्यावर वरून रंगीत कागदाचे कपटे पडायला लागले. लाल, पिवळे, निळे, पडतच राहिले. आज तू जिंकलास, मित्रा! ती ओट्याशी उभी, एका हाताला साबणाचा फेस, आणि इतका आनंद झाला तिला, इतका की... हसू नका, पण आजवर माझ्यावर कुणी कागदाचा एक कपटा उधळला नव्हता. दहावीला नाही, लग्नात नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलंच नाही. नुसतं शून्य दाबलं.

हे खोटं नव्हतं. खोटं म्हणजे माहीत असून वेगळं सांगणं, आणि मला माहीत कुठे होतं? शिवाय ती नुसतं शून्य दाबून मोकळी होत नसे. ॲप पुढे विचारायचं, आज केव्हा ओढावीशी वाटली? भांडण, जेवणानंतर, कंटाळा, इतर. 'इतर'खाली लिहायला चौकट होती, आणि त्या चौकटीत ती मन लावून लिहायची — तो कसा बोलला असता, कोणत्या शब्दाशी अडखळला असता, कुठे वाक्य सोडून दिलं असतं. पलीकडच्या खोलीत तो खुर्चीत बसलेला, आणि इकडे ती गॅस बारीक करून त्याला काय वाटत असेल याचा विचार करते आहे. मध्ये चार पावलांचं अंतर. पण चार पावलं जाऊन विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "काही नाही." आणि ॲपमध्ये 'काही नाही' असा चेहरा नव्हता.

टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. या वेळी माणसाचा होता, सिस्टरांचा.

"ताई, अभिनंदन! काय सुंदर आलेख आहे हो ह्यांचा! डॉक्टरांनी सगळ्यांना दाखवला. आता ऐका, ऑपरेशनची एक जागा रिकामी होतेय, पुढच्या आठवड्यात ह्यांना घेऊन टाकू म्हणाले. संध्याकाळपर्यंत मला हो म्हणा, नाव पक्कं करते."

"पुढच्या आठवड्यात?"

"मग? पाय काय कुणाची वाट बघत बसतो? आणि खरंच बंद आहे ना हो? म्हणजे आल्यावर नळीत फुंकर मारून घेतेच मी, पण ती बिचारी कालपरवाचीच चुगली करते. मागे एकाने असंच गोड गोड भरलं होतं. टाके उकलले. शेवटी गुडघ्याच्या वरून..." सिस्टरांनी मध्येच कुणाला तरी "तिकडे बसा, आजोबा" असं सांगितलं. "ह्यांचं तसं नाही म्हणा. किती मनापासून लिहितात! आम्ही वाचतो ना. 'इतर'मध्ये एवढं कुणी लिहीत नाही. आमच्याकडे सगळे 'इतर — नाही' लिहून मोकळे."

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. फोन पुन्हा भुकटीत ठेवला. 

सुरी गार झाली होती. तिने ती पुन्हा तापवली, पुन्हा गार होऊ दिली. ट्रेमध्ये दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती — रुग्ण सिगारेट ओढतो, खालचे दात स्वतःचे, रंग जुळवणे. अशा कामात ती उस्ताद होती. नवशिके पांढरेशुभ्र दात बसवतात आणि रस्त्यापलीकडूनही कवळी आहे हे कळतं. ती रंगपट्टी घेऊन एक पायरी गडद जायची, बारीक कुंचल्याने दाताच्या मानेशी एक तपकिरी रेघ ओढायची, एका दाताच्या कडेला चहाची सावली ठेवायची. मग जावईसुद्धा फसायचा. डाग नसला की ते खरं वाटत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवते. आणि स्वतः भरलं काय, तर शून्य, शून्य, शून्य. एक दिवस घसरण नाही, एक दिवस चिडचिड नाही. असा आलेख कुठल्या हाडामांसाच्या माणसाचा असतो? सिस्टर फसल्या, डॉक्टर फसले. फसवायची अक्कल नसलेल्या बाईने सगळ्यांना फसवलं होतं.

आणि टाके उकलले. गुडघ्याच्या वरून.

जेवणाच्या सुट्टीत नणंदेचा फोन. तो न घेण्याची सोय नसते. ती घेईपर्यंत करते.

"वहिनी, अगं ते सन्मानपत्र मी सगळ्यांना दाखवलं! आमच्या ह्यांना म्हटलं, बघा माझा दादा, नाहीतर तुम्ही! तुमच्या तोंडाला लागलेलं काहीच सुटत नाही, चहा म्हणू नका, राजकारण म्हणू नका."

सन्मानपत्र तिनेच घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. ॲपने पाठवलं, तिने पुढे ढकललं. त्याच्या वतीने खाली दोन जोडलेले हातही टाकले होते.

"दादाला फोन केला तर काही बोलेचना," नणंद सांगत होती. "म्हणे, वहिनीला विचार. हा जन्माचा असाच ग. शाळेत बक्षीस मिळालं तरी आईला सांगायला मला पुढे करायचा, आणि हा दाराआड उभा."

"दाराआड?"

"हो ना! कान लावून. आई काय म्हणते ते ऐकायला. आई म्हणायची, अरे गाढवा, समोर ये की." नणंद खळखळून हसली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "खरंच सोडली ना ग त्याने? मला बाई पायाची फार धास्ती वाटते."

"तुम्ही नका काळजी करू," ती म्हणाली. हे खरंही नव्हतं आणि खोटंही नव्हतं. अशा वाक्यांवर सगळी नाती उभी असतात.

दुपारभर तिने ठरवलं. आधी ठरवलं, सिस्टरांना सांगायचं की सर्दीताप आहे, पुढच्या महिन्यात बघू. तेवढ्या वेळात त्याच्याकडून खरोखर सोडवून घेऊ. मग ठरवलं, कदाचित सुटलीच असेल. का सुटली नसेल? वास तर येत नाही. मग ठरवलेलं सगळं त्या वासापाशी येऊन अडकलं.

संध्याकाळी काम सुटल्यावर खाली उतरताना इमारतीच्या लिफ्टमध्ये ती एकटीच होती. लग्नाआधी, दुसऱ्याच एका इमारतीत, कपड्यांच्या दुकानात ती कामाला होती तेव्हा, अशीच एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली होती. दिवा गेला. ती ओरडली, मग ओरडायची लाज वाटून गप्प झाली. बऱ्याच वेळाने बाहेरून आवाज आला — बाई, घाबरू नका, मी लिफ्टवालाच आहे. त्यांच्या धंद्यात शिकवतात म्हणे, आत माणूस अडकला की दुरुस्ती नंतर, आधी त्याला बोलतं ठेवायचं. पण हा बोलण्यात तेव्हापासून कच्चा. नाव विचारलं, कितव्या मजल्यावर जायचं होतं ते विचारलं, आणि संपलं. बाहेर शांतता, आत अंधार. मग दाराच्या फटीतून सिगारेटचा वास आला आणि तो म्हणाला, "वास येतोय ना? येतोय तोवर मी इथेच आहे असं समजा." त्या दिवसापर्यंत तिला त्या वासाचा तिटकारा होता. त्या अंधारात तिने तो छाती भरभरून घेतला.

वासावरून कळतंच की, असं तो म्हणतो. पण आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतो का? मला त्याचा येतच नाही. किंवा येतो आणि तो घरी आला एवढंच कळतं. ॲपने इतके प्रश्न विचारले, एक मात्र विचारला नाही — मित्रा, तुझ्या घरात असं कुणी आहे का, ज्याला सिगारेट अगदी पुरती सुटू नये असं वाटतं?

हा विचार आल्यावर रस्त्याने ती घर ओलांडून दोन दुकानं पुढे चालत गेली, आणि तिथून घराकडे मागे आली.

तो नेहमीच्या वेळी आला. स्टुलावर बसला, दुखरा पाय आधी पुढे घेतला आणि नाडी सोडायला लागला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अहो, सिस्टरांचा फोन होता. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू म्हणतायत."

त्याचा हात नाडीवर थांबला. "एवढ्यात?"

"आलेख चांगला आहे म्हणे."

"कुणाचा?"

"तुमचा." मग घाईने, थांबलं तर राहून जाईल म्हणून, "ते सगळं मीच भरत होते. तुम्हाला न विचारता. रोज शून्य."

"रोज?"

"रोज."

तो आता काय म्हणणार ते तिच्या डोक्यात तयारच होतं — जाऊ दे, मग आता काय करायचं, तूच सांग. तिने त्यावरचं उत्तरही जुळवून ठेवलं. पण तो म्हणाला, "वाच."

"काय?"

"मी काय काय म्हटलंय ते वाच की. मलाही कळू दे."

ती त्याच्यासमोर बसली. वाचायला लागल्यावर आवाज शाळेतल्यासारखा व्हायला लागला, म्हणून तिने तो मुद्दाम सपाट केला. "गोदामात कुणी नसलं की हात रिकामे वाटतात."

"हं. हे आहे."

"जिने धावत चढणारी माणसं बघितली की राग येतो."

"राग नाही," तो म्हणाला. जरा विचार करून म्हणाला, "मीही तसाच चढायचो, एवढंच वाटतं. पुढे?"

"जेवण झाल्यावर..." ती थांबली. "जेवण झाल्यावर घरात कुणी काही बोलत नाही, तेव्हा वाटतं की..."

"की काय?"

"एवढंच आहे. पुढे लिहिलेलं नाही."

तो नाडीशी चाळा करत राहिला. "हे माझं नाही," शेवटी तो म्हणाला. "हे तुझं आहे."

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. बाहेर कुणाच्या तरी घराचं दार लागलं, किल्ली फिरली. विचारायला हवं होतं ते अजून विचारलं नव्हतं, आणि आता ते इतकं सोपं दिसत होतं की त्याचीच भीती वाटत होती.

"अहो, मग खरं काय आहे?"

"कधी होय. कधी नाही." त्याने एक बूट काढून बाजूला ठेवला. ती मधे बोलली नाही. "गंमत सांगू? तू विचारायची थांबलीस ना, त्याच्यानंतर बरेच दिवस एकही ओढली नव्हती मी. खरंच. कुणाला न सांगता. घरी येताना वाटायचं, आज विचारेल. आज सांगू. बूट काढायला वेळ लावायचो मुद्दाम. तू तिकडे ओट्याशी, फोनकडे बघून हसत असायचीस."

"मग?"

"मग काय. एक दिवस वाटलं, हिने नाद सोडला आपला. मग..." त्याने हात हलवला. तो वाक्यं अशीच सोडतो, पुढचं तिने भरावं म्हणून.

म्हणजे ते कपटे... त्या दिवशीचे, त्याच्या दुसऱ्या दिवशीचे, ते सगळे लाल-पिवळे-निळे कपटे त्याचे होते. तो आत बूट घेऊन बसलेला आणि मी त्याचं बक्षीस ओट्याशी उभी राहून एकटीने घेत होते. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी कान गरम झाले, एखाद्याच्या ताटातलं खाताना पकडलं गेल्यासारखे.

"सिस्टर वाट बघतायत," ती म्हणाली. "आत्ता खरं सांगितलं तर पुढे ढकलतील. किती पुढे ते माहीत नाही. आणि पाय..."

"पाय आहेच."

"आणि नाही सांगितलं तर..."

"माहीत आहे."

तिने नंबर लावला. अंगठा चालवता चालवता वाक्य तयार होत होतं — सिस्टर, ह्यांचं म्हणणं असं आहे की मधे थोडं... किती छान वाक्य. गोल, गुळगुळीत, कुणाला लागणार नाही असं. त्यात तिच्या शून्यांचीही सोय होत होती. पलीकडे घंटा वाजायला लागली. तिने फोन कानाला लावला नाही, त्याच्यापुढे धरला.

"मी?" तो म्हणाला. "तू बोल ना. मला नाही जमत ते."

"माहीत आहे."

"अगं, काय सांगू मी त्यांना?"

तिने फोन आणखी पुढे केला. पलीकडे घंटा वाजतच होती. त्याने शर्टाला बोटं पुसली, फोन दोन्ही हातांनी घेतला आणि कुठे कान लावायचा, कुठे तोंड, याचा अंदाज घेतला.

"हॅलो. सिस्टर, मी बोलतोय," तो म्हणाला. "नाही, ताई नाहीत. म्हणजे आहेत. पण मीच बोलतोय."

सिस्टरांचा भरभर आवाज फोनमधून बारीक झिरपत होता. त्यात अभिनंदन होतं, वार होता, उपाशी यायची सूचना होती. मग तो आवाज थांबला. काहीतरी विचारलेलं होतं. तो गप्प. इतके दिवस अशा गप्प जागी ती पटकन शिरायची, त्याला अडचण होऊ नये म्हणून, किंवा समोरच्याला, किंवा तिला स्वतःला... तिने हात मांडीवर एकावर एक ठेवले. त्याने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बोलायच्या आधी त्याचा खालचा ओठ असा थोडा पुढे येतो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तो काय सांगेल? होय म्हणेल, नाही म्हणेल, की अर्धवट काहीतरी म्हणून फोन परत तिच्याकडे देईल? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा पुढचा शब्द तिला माहीत नव्हता. भीती होती, खरी. पण तिच्या शेजारीच आणखीही काहीतरी जागं होत होतं, या माणसाचं बोलणं ऐकायची एक उत्सुकता, आणि ती किंचित पुढे सरकून, तोंड मिटून, त्याच्याकडे बघत राहिली.